शून्य लिहिलेली त्रेचाळीस झाडं

सुगतच्या पुस्तकाला पत्र आलं, ही बातमी मला सुगतच्या आधी त्याच्या हॉर्ननं दिली. सोमवार, सकाळचे आठ वाजलेले, एप्रिल संपत आलेला. अकोल्यात या दिवसांत आठालाच अंगण पोळतं, म्हणून मी पाणी मारत होते. जुन्या शहरातल्या आमच्या बोळीत मोटार शिरत नाही हे त्याला चांगलं ठाऊक आहे, तरी त्यानं ती अर्धी आत घातली आणि काच खाली करून ओरडला, "ताई, सापडला! शेवटपर्यंत वाचनारा सापडला!"

"अगोदर गाडी मांगं घे," मी म्हटलं. "दूधवाला काय तुह्या टपावरून जाईन?"

हा सुगत कोण, ते सांगते. वय अडतीस. पुण्याच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहितो, राहतो अमरावतीला. आणि मी भावना. नदीकाठच्या एका लहान वाचनालयात एकतीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माहेर-सासर दोन्हीकडे धंदा भाजीचा; माहेरचा आता माझा भाऊ चालवतो आणि मी त्याच्याच घरी राहते. लग्न टिकलं नाही, नोकरी टिकली. स्वभाव तिखट आहे असं लोक म्हणतात. लोकांनी पुस्तकं वेळेवर आणून दिली असती तर तो गोडही झाला असता.

एकतीस वर्षांत मला एक विद्या आली. पुस्तक मिटून आडवं धरलं की पानांची कड दिसते. जेवढी पानं उलटली गेली तेवढी कड मळकी होते, उरलेली पांढरीच राहते. म्हणजे वाचक कुठं थांबला ते पुस्तक स्वतःच सांगतं. "अप्रतिम पुस्तक, रात्रभर जागून संपवलं," असं म्हणणाऱ्या कितीतरी मोठ्या माणसांचं बिंग मी मनातल्या मनात फोडलेलं आहे.

लहानपणापासून आमच्या वाचनालयात येणाऱ्या सुगतनं परत केलेल्या पुस्तकांच्या कडा मात्र शेवटच्या पानापर्यंत मळलेल्या असायच्या. त्याला कारण त्याचे वडील. देवमनभाऊ पाटबंधारे खात्यात चौकीदार होते. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला शालूवहिनी आणि पोरांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, आणि येताना एक पिशवी भरून पुस्तकं आणायचे. ती पुस्तकं वर्षभर संध्याकाळी जेवणं झाल्यावर घरात मोठ्यानं वाचली जायची. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि नियम एकच: धरलेलं पुस्तक अर्धवट सोडायचं नाही. एका वर्षी पिशवीत कोंबड्यांच्या रोगांवरचं सरकारी पुस्तक आलं. घरात एकही कोंबडी नव्हती, तरी चौघांनी ते तीन आठवडे ऐकलं. देवमनभाऊ म्हणायचे, "लिवनाऱ्यानं शेवटपर्यंत लिवलं ना? मंग आपल्याले ऐकाले काय होते?"

असा वाढलेला माणूस काय वाचत नाही ते विचारा. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, पाण्याच्या मोटारीची माहितीपुस्तिका, एसटीचं वेळापत्रक, सगळं. एकदा मित्राच्या लग्नासाठी रिद्धपूरकडं गेला आणि तिथं कुणीतरी सांगितलं, की महानुभावांच्या जुन्या पोथ्या सांकेतिक लिपीत असत. झालं, लग्न राहिलं बाजूला. दुसऱ्या दिवशी अक्षरांचा तक्ता वहीत उतरवून आला आणि मला म्हणतो, "ताई, पासवर्डची गोष्ट आपल्याकडे केवढी जुनी हाय पाहा!" नवरदेव अजून त्याच्याशी नीट बोलत नाही.

पुण्यात असताना त्यानं इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं, डेटाबेसवर. डेटाबेस म्हणजे माहिती रकान्यांत आणि ओळींत मांडून ठेवायची, आणि पाहिजे तेव्हा प्रश्न विचारून उत्तर काढायचं. मला कळलं ते एवढंच, पण तेवढं पुरतं. त्या पुस्तकातली सगळी उदाहरणं पिझ्झाच्या दुकानाची होती, कारण प्रकाशकाला तीच पाहिजे होती. पुस्तक बरं खपलं. सुगत मात्र कुरकुरत राहिला. "आईले समजावून सांगावं म्हटलं, तं अगोदर पिझ्झाच समजवा लागते."

महामारीत तो घरून काम करायला अमरावतीला आला तो परत गेलाच नाही. तिथं त्यानं तेच पुस्तक मराठीत नव्यानं लिहायला घेतलं. पिझ्झा गेला, संत्र्याचा बगीचा आला. अमरावतीत बसून दुसरं काय येणार?

त्याची लिहिण्याची एक रीत होती. प्रत्येक प्रकरण लिहून झालं की तो शनिवारी अकोल्याला यायचा आणि ते माझ्यासमोर ठेवायचा. मी संगणक न लावता, वाचनालयातल्या कोऱ्या कार्डांवर पेन्सिलीनं, पुस्तकात सांगितलं तसं करून पाहायचं. मी कुठं अडले की तो त्या ठिकाणी फुली मारायचा आणि ते पान पुन्हा लिहायचा. मी न अडता शेवटाला पोचले की प्रकरण पास. पुस्तकात माझे आभार मानलेले आहेत. ते आभार आता मला टोचतात, कशामुळं ते पुढं येईलच.

बगीच्याचं प्रकरण आलं तेव्हा प्रश्न निघाला, की एका झाडाची एका वर्षी किती वेळा नोंद करू द्यायची? मी लगेच म्हटलं, "येकच. आमच्याकडे येका पुस्तकाले येकच दाखल नंबर. दुसरा पडला का बोंब." त्याला ते पटलं. झाडाचा क्रमांक आणि वर्ष, अशी जोडी आली की एकच ओळ. दुसरी आली तर संगणकानं ती नाकारायची. झाडानं काही दिलं नसेल तर वर्षअखेरीला शून्य लिहायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही. आणि त्याखाली सुगतनं एक वाक्य टाकलं: "संगणकानं नोंद नाकारली तर चूक तुमच्या नोंदीत आहे असं समजा. त्याच्याशी भांडू नका." ते वाक्य मला इतकं आवडलं, की मी त्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली.

पुस्तक दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात निघालं. शेवटच्या पानावर सुगतनं लिहिलं होतं, "इथवर आला असाल तर प्रकाशकाच्या पत्त्यावर एक ओळ टाकून कळवा." प्रती खपल्या चारशे बारा. ओळ एकाचीही आली नाही. वर्ष गेलं, दुसरं संपत आलं. तो मला दर महिन्याला विचारायचा, आणि शेवटी मी खरं ते दाखवलं. वाचनालयातली प्रत काढली आणि आडवी धरली. कड बासष्ट पानांपर्यंत मळकी, पुढं पांढरीशुभ्र.

त्यानं प्रत परत कपाटात ठेवली. मग म्हणाला, "मंग लिहू कोनासाठी?" प्रकाशकाला दुसरं पुस्तक पाहिजे होतं. मे महिन्यात नाही म्हणून कळवतो, असं त्यानं ठरवून टाकलं. मी तेव्हा तोंड आवरायला हवं होतं असं आज वाटतं. लिहिणाऱ्या माणसाला वाचक नाही हे सांगणं सोपं असतं, पण त्यानंतर तो काय करणार याचा विचार सांगणारा करत नाही.

तर त्या सोमवारी तो ओट्यावर बसला आणि पत्र माझ्या हातात दिलं. पुण्याहून फिरून आलेलं होतं, आत दोन आठवड्यांपूर्वीची तारीख. अक्षर वळणदार, कारकुनी.

"आदरणीय सर, आपण शेवटच्या पानावर लिहिलं आहे म्हणून कळवते. मी शेवटपर्यंत आले. दीड वर्ष लागलं. मी वरुडला एका शाळेच्या कार्यालयात काम करते. शेंदूरजनाघाटला आमचा संत्र्याचा बगीचा आहे, झाडं तीनशे बारा. मिस्टर सैन्यात असतात, बगीचा सासरे पाहतात. आपल्या पुस्तकाप्रमाणे मी झाडांना क्रमांक दिले आणि दोन वर्षांच्या नोंदी केल्या. शेवटच्या प्रकरणातला अहवाल काढला तर त्रेचाळीस झाडं दोन्ही वर्षं शून्य निघाली. सासरे म्हणतात की ती झाडं देतात. पण त्यांचं वय झालं. गेल्या वर्षी त्यांनी लिहून दिलेल्या पुष्कळ नोंदी संगणकानं नाकारल्या, तेव्हा आमच्या लक्षात आलं की ते क्रमांक विसरतात. आता ते काम त्यांच्याकडून काढून घेतलं आहे. २९ तारखेपासून ती झाडं काढायला लावतो, म्हणजे पावसाळ्यात नवीन कलमं बसतील. आपलं पुस्तक नसतं तर हे कधीच कळलं नसतं. आपली वाचक, गीतांजली."

सोबत अहवालाचा छापील कागद होता. सुगत हसत होता. "पायलं का ताई? नुसतं वाचलं नाई, वापरलं!"

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी त्या कागदावरच अडले. झाड क्रमांक २०१, शून्य. २०२, शून्य. तिथपासून २४३ पर्यंत एका रांगेत शून्य. मी भाजीवाल्याच्या घरची आहे. एखादं झाड वांझ निघतं, कबूल. पण सलग तुकडाच्या तुकडा दोन वर्षं काही देत नाही, आणि पिकल्या केसांचा शेतकरी दोन वर्षं त्याला पाणी घालत बसतो, हे माझ्या डोक्यात बसेना.

"सुगत," मी म्हटलं, "आमचा भाऊ दिवाळीच्या टायमाले संत्री आनते."

"मंग?"

"अन् होळीच्या टायमाले बी आनते. होळीची संत्री येतात कुठून?"

तो अजून हसतच होता. मग त्याचं हसू हळूहळू थांबलं. हे आम्हा दोघांना माहीत नव्हतं असं नाही. दर होळीला आम्ही ती संत्री खातो. संत्र्याला दोन बहार असतात. आंबिया बहार हिवाळा सरताना फुलतो आणि दिवाळीच्या मागंपुढं निघतो. मृग बहार पावसाच्या सुरुवातीला फुलतो आणि त्याची फळं पुढच्या वर्षी होळीच्या सुमाराला तोडतात. म्हणजे डिसेंबरात मोजणी होते तेव्हा मृगाच्या झाडावर हिरवी फळं लटकत असतात. पुस्तक म्हणतं, काही निघालं नसेल तर शून्य लिहा. ती बिचारी शून्य लिहिते. मार्चात फळं निघाली की त्याच बहाराची, म्हणजे मागच्या वर्षाच्या नावावर, नोंद करायला जाते, तर संगणक म्हणतो, या झाडाची त्या वर्षाची नोंद आधीच आहे. आणि पुस्तक म्हणतं, त्याच्याशी भांडू नका.

पिझ्झा हाकलून आम्ही संत्रं आणलं होतं, पण संत्र्याकडून पिझ्झासारखंच वागायची अपेक्षा ठेवली होती.

"आज तारीख किती?" मी विचारलं.

"येकोनतीस," सुगत म्हणाला आणि उठला.

पत्रात फोन नंबर नव्हता. गाडीत बसल्या बसल्या त्यानं प्रकाशकाला फोन लावला, त्यांच्याकडंही नव्हता. मी घरात भाताचं आधण ठेवलेलं होतं, ते वहिनीला आवाज देऊन उतरवायला सांगितलं आणि तशीच, पाण्यानं भिजलेल्या साडीच्या काठांसकट, निघाले. अकोल्याहून अमरावती, तिथून मोर्शी, वरुड, मग शेंदूरजनाघाट. चार तासांचा रस्ता. मूर्तिजापूर मागं पडलं. तेव्हा सुगत म्हणाला, "चारशे बारा परती, ताई. अजून कोनी बगीच्यावर करून पायलं असन तं?"

"काल तं रडत होता, कोनी वाचत नाई मनून."

"आता वाटते, कोनीच नसतं वाचलं तं बरं होतं."

  एका झाडाला एकच ओळ, हे त्याला मी सांगितलं होतं. तो मात्र सगळा दोष एकट्याच्या अंगावर घेत होता. मी तसं म्हणून पाहिलं, तर म्हणाला, "तुमी वाचनालयाचं सांगतलं, ताई. बगीचावाल्याले इचाराचं काम माह्यं होतं." पिझ्झाच्या वेळी तो एका हॉटेलात दोन दिवस बसून आला होता, हे त्यानं मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. संत्र्याच्या बगीच्यात मात्र तो एकदाही गेला नव्हता. आपल्याच मुलखातली वस्तू, तिचं काय विचारायचं, असं त्याला वाटलं.

शेंदूरजनाघाटात पत्ता विचारत पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. करवतीच्या मशीनचा आवाज रस्त्यापासूनच ऐकू येत होता. सुगतनं गाडी बांधावर सोडली आणि धावत सुटला. मी माझ्या गुडघ्यांच्या हिशेबानं मागून गेले. रस्त्याच्या बाजूनं झाडं पाडायला सुरुवात केली होती. मोजली, नऊ आडवी झालेली. पानं अजून तजेलदार होती, आणि कापलेल्या लाकडाला संत्र्याच्या सालीचा वास येत होता.

"थांबवा! बंद करा ते!" सुगत ओरडत होता. मजुरांनी मशीन बंद केलं, ते मुख्यतः हा शहरी माणूस कोण ते पाहायला.

बगीच्याला लागून घर होतं. तिथून तिशी-पस्तिशीची एक बाई आली, त्या दिवसापुरती रजा टाकलेली. सुगतनं नाव सांगितलं तेव्हा तिला खरंच वाटेना. मग पदर सावरून ती पाया पडायला वाकली आणि सुगत मागं सरकला. "ताई, ते झाडं तोडू नका. चूक माही हाय. पुस्तकातच चूक हाय."

गीतांजलीनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग ती आत गेली आणि पुस्तक घेऊन आली. मी आधी कडच पाहिली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत काळपट झालेली. एकतीस वर्षांत एवढं वाचलेलं पुस्तक माझ्या हातून गेलं नव्हतं, आणि त्या घडीला ते बघवत नव्हतं.

"पान येकशे अठरा, सर," ती म्हणाली, आणि त्याचंच वाक्य त्याला वाचून दाखवलं. "संगणकानं नोंद नाकारली तर चूक तुमच्या नोंदीत आहे असं समजा."

"ते चुकीचं हाय. मीच लिहिलं, अन् मीच सांगून राहिलो."

"मंग आता सांगून राह्यले ते बरोबर कावून धरू? तवाबी तुमीच सांगतलं होतं."

  इतके दिवस सुगतला आपल्या पुस्तकावर विश्वास ठेवणारा वाचक पाहिजे होता, आणि आता तो वाचक खुद्द लेखकाचं ऐकायला तयार नव्हता.

ओट्याच्या सावलीत एक म्हातारा बसला होता. धोतर, डोक्याला पंचा, आणि तोंड मुद्दाम झाडांच्या उलट दिशेला केलेलं. हे वामनराव, तिचे सासरे. इतका गोंधळ चालला होता तरी त्यांनी मान वळवली नव्हती. मी त्यांच्यापाशी जाऊन बसले.

"बावाजी, तो पलीकडचा तुकडा कवा फुलते?"

"इचारते कोन?"

"मी इचारून राहिली. भाजीवाल्याच्या घरची हाव, अकोल्याची."

तेव्हा त्यांनी मान वळवली. "मिरगात फुलते. त्या तुकड्याची जमीन हलकी. हिवाळ्यात हिरीचं पानी तेथलोक पुरत नाई, मनून आंबियाले पानी तोडून ताण देल्ला तरी मांगून फुलाले पानी भेटत नाई. मी तो मिरगावरच सोडला. बारा वर्सं झाले." मग सुनेकडं न बघता म्हणाले, "घरात सांगतलं मी. मने कागद दाखवा. माह्यापाशी कागद कुठचा? माह्यापाशी झाडं हाय."

"तुमी कधी तोडणी पाहाले गेल्या नाई?" मी गीतांजलीला विचारलं. जरा जोरातच विचारलं.

"बगीचा व्यापाऱ्याले उक्ता देतो, मावशी. त्याची मानसं येतात, दोन दिवसांत माल तोडून गाडी भरून जाते. माही शाळा सहाही दिवस." तिचा आवाज खाली आला. "मामाजी चिठ्ठी लिहून द्याचे, कोनत्या झाडाले किती क्रेट. मी संध्याकाळी भराची. संगणकानं घेतलं नाई. मले वाटलं..." पुढं काय वाटलं, ते ती सासऱ्यांसमोर बोलली नाही.

"त्या चिठ्ठ्या फेकल्या का?" सुगतनं विचारलं.

"नाई. पुस्तकात हाय ना, नाकारलेली नोंद फेकू नका, वेगळी ठेवा."

ती आतून एक पाकीट घेऊन आली. सुगतनं चिठ्ठ्या ओट्यावर मांडल्या आणि मोजल्या. त्रेचाळीस. पहिलीवर म्हाताऱ्याच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, २०१, बावीसचा मिरग. पुढं क्रेटचा आकडा. शेवटच्या चिठ्ठीवर २४३. मध्ये एकही क्रमांक चुकलेला नव्हता. गीतांजलीनं अहवालाचा कागद शेजारी धरला आणि एक एक क्रमांक जुळवत गेली. विसाव्याला थांबली. पुढचे जुळवायची तिला गरज वाटली नाही. बाहेर जाऊन तिनं मजुरांना सांगितलं, की काम बंद, मशीन गाडीत ठेवा, आणि जेवून जा.

सुगतनं तिच्या जुन्या संगणकावर तासभर काम केलं. वर्षाच्या शेजारी बहाराचा रकाना आला आणि पुस्तकातला नियम मोडला. या मार्चच्या चिठ्ठ्या नव्हत्याच, लिहिणाऱ्याला काढून टाकलेलं होतं. पण आधीच्या वर्षाच्या भरायच्या म्हणून ती संगणकासमोर बसली. वामनरावांना मी आत बोलावलं. ते दारातच उंबऱ्यापाशी टेकले, पाहुण्यासारखे.

पहिली चिठ्ठी तिनं वाचली, "दोनशे येक, बावीसचा मिरग, चार क्रेट," आणि भरली. संगणकानं घेतली. दुसरीही घेतली. तिसरी चिठ्ठी हातात घेऊन ती थांबली. मग तिनं ती टेबलावर पालथी ठेवली आणि वळून विचारलं, "मामाजी, दोनशे तीन?"

वामनराव उंबऱ्यापासून थोडे आत सरकले. वर्षभरात त्यांना कुणी झाडाबद्दल काही विचारलं नव्हतं.

"साडेतीन," ते म्हणाले.

तिनं चिठ्ठी उलटून पाहिली. साडेतीन. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पुसलं नाही, तसंच भरत राहिली. "दोनशे चार?" "पाच. त्याच्यावर मोहळ होतं, तोडणारे भेले, मनून अर्धं वरतेच राह्यलं." "दोनशे पाच?" एकेका आकड्यामागं एकेक गोष्ट निघत होती. कोणत्या झाडाची फांदी वादळात गेली, कोणतं माकडांच्या वाटेवर आहे. दोन-तीन ठिकाणी म्हातारा अर्ध्या क्रेटनं चुकला, तेव्हा ती चिठ्ठीतला आकडा बाजूला ठेवून त्यांचाच भरू लागली आणि ते म्हणाले, "नाई, चिठ्ठीत हाय तेच लिव. तवा म्या मोजलं होतं." सुगत भिंतीला टेकून वहीत भराभर उतरवून घेत होता, बहार, ताण, हलकी जमीन, मोहळ, सगळं. मे महिन्यात लिहिणं सोडणार होता तो.

दोनशे चौतीसपर्यंत असं चाललं. पुढची नऊ बाहेर पडलेली होती. गीतांजलीचा हात चिठ्ठीवरच राहिला.  सुगतनं मान खाली घातली. मीही खिडकीकडं पाहिलं, आणि तिथून तीच दिसत होती.

"दोनशे पस्तीस," वामनराव स्वतःच म्हणाले. "सहा क्रेट. सगळ्यात जास्त त्याचेच." आणि ती नुसतीच बसून राहिली तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "लिव बाई. देल्लं होतं त्यानं."

तिनं लिहिलं.